मालाचा रकाना

जालन्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या गेटाबाहेर
मी धर्मकाट्यावर बसते, दुपारी दोन ते रात्री दहा.
सळईची गाडी येते, टायर चेपलेले,
हौद्यात बघावं तर तळाशी चार बोटं माल.
भोकरदनची कापसाची येते, रस्ताभर रुई सांडत,
ताडपत्रीबाहेर पोट सुटलेलं.
दोघींचं निव्वळ नऊ टन.
काट्याला दोघी सारख्याच.
पावतीवर मालाचा एक रकाना आहे,
तो मी हातानं भरते. मशीन विचारत नाही.

म्हणून विश्वंभर बोलला ते लगेच पटलं.
विश्वंभर आमचा सुपरवायझर,
घास घास मोबाईलमध्ये मोजून टाकणारा.
"अयोध्याताई, कॅलरी म्हंजे कॅलरी.
चौदाशेच्या आत राहा,
मग क्रीमरोल खा नाहीतर कारलं खा.
अंगाला काय कळायलंय?"

अठ्ठ्याऐंशी किलो होते मी.
केबिनच्या तीन पायऱ्या चढताना गुडघे बोलायचे.

पहिला महिना मुंजाभाऊच्या टपरीवर काढला.
खारी, नानकटाई, क्रीमरोल, दोन साखरेचा चहा,
वहीत रोज चौदाशे.
घटलं. खोटं कशाला बोलू, दीड किलो घटलं.
पण सातच्या ठोक्याला पोटात कुणीतरी
हॉर्न दाबून धरायचं.
वाजीद ड्रायव्हरनं डबा उघडला की
वास काचेतून आत यायचा,
आणि मी एकदा नऊच्या जागी नव्वद टन लिहून बसले.
मालकानं पावती फाडली. बोलला नाही काही.
भाच्याच्या वाढदिवसाचा उरलेला केक
मी फ्रीजसमोर उभ्यानं खाल्ला, तीन रात्री.
तो वहीत नाही.

दुसऱ्या महिन्यात डबा बांधला.
जवारीच्या भाकरी, मटकी, घट्ट वरण,
दोन उकडलेली अंडी,
मुळा, बुक्कीनं फोडलेला कांदा.
तेच चौदाशे. चावून चावून जबडा दुखायचा.
ईद झाली तेव्हा वाजीद काचेवर टकटक करून म्हणाला,
"मॅडम, शीरखुर्मा लाया मैं, खाव ना."
मी म्हणाले, "घरी जाताना खाईन, राहू दे."
म्हणाले, आणि दहापर्यंत
तो वाडगा तिथं आहे हेच विसरून गेले.
माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं.

घटलं किती? पावणेदोन.
विश्वंभर आकडा बघून जिंकल्यासारखा हसला,
"बघा, म्हणलो नव्हतो का?"

म्हणला होतास, बाबा.
पण तू कापसाची गाडी चालवलीस का कधी?
वाजीद सांगतो, सळई भरली की
गाडी डांबराला धरून पळते.
तेवढाच कापूस भरला
आन् मंठ्याच्या माळावर वारं सुटलं,
की गाडी एका अंगाला जायला बघते,
स्टेरिंग आवळून खांदे गळून पडतात.
आकडा काट्यापुरता खरा.
काट्यावरून उतरलं की पुढं रस्ता आहे ना,
साठ किलोमीटर, एकट्यानं.

विश्वंभर तोवर दुसऱ्या गेटाला गेला होता.

आमचा काटा दहा-दहानं उडी मारतो.
गाडी नसली की मी जाऊन उभी राहायची,
त्या एवढ्या थोरल्या लोखंडी पाटावर
चपला काढून, जशी काय औक्षणाला.
अठ्ठ्याऐंशीला स्क्रीन म्हणायची नव्वद.
साडेशहाऐंशीलाही नव्वदच.
काल मुंजाभाऊनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "ऐंशी!"
दहा किलो, एका दिवसात.
दोघं हसलो, त्याच्या किटलीतला चहा उतू गेला.

मग गंमत म्हणून पावती काढली.
गाडी नंबर कोरा. वजन ऐंशी.
मालाच्या रकान्यावर पेन टेकवला
तर काय लिहावं सुचेना.
बाहेर सरकीची गाडी येऊन हॉर्न द्यायली होती.
पावती डब्याखाली सरकवली.
डब्यात अजून अर्धी भाकर होती.